पाठराखीण

शुक्रवार, 12 जानेवारी 2024

सायकलची फ्रेम मोडली ती नोव्हेंबरात. शाळेतून परत येताना चोइथराम मंडीच्या अलीकडे पायाखालून किरर्, किरर् असा आवाज यायला लागला. मला वाटलं, चेन कोरडी पडली. घरी येऊन सायकल उलटी केली, तर जिथे पायडलचा एक्सल बसतो त्या सांध्याला लागून, चेनच्या बाजूच्या नळीवर केसाएवढी चीर. बोट फिरवलं की नखाला लागत होती.

आमच्या नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्यानं पन्नास रुपयांत टाका मारून दिला. तीन आठवड्यांनी टाका जागेवर आणि नळी त्याच्या शेजारी बोटभर अंतरावर फाटलेली. त्या माणसाला दोष देणार नाही. तो खिडक्यांच्या जाळ्या करतो. जाळीच्या गजाला लागतो तेवढा करंट सायकलच्या पातळ नळीला दिला, की टाका मजबूत होतो, पण शेजारचं पोलाद ठिसूळ पडतं. जुन्या सायकलींच्या फ्रेमा पितळानं जोडलेल्या असत. नळीचं टोक एका बाहीत, म्हणजे लगमध्ये बसवायचं, गॅसच्या ज्योतीनं तापवायचं, आणि वितळलेलं पितळ त्या बारीक फटीत आपोआप ओढलं जातं. पोलाद लाल होतं, पण वितळत नाही. असं काम करणारा हात आता आमच्या भागात तरी मला सापडला नाही.

म्हणजे परिस्थिती अशी. टायर दिवाळीतले. मागचं चाक मार्चमध्ये नव्यानं बांधलेलं. सीट पाच वर्षं माझ्या मापानं मुरलेली. सायकलचं सगळं सामान उत्तम, फक्त सायकल नव्हती. नवरा म्हणाला, "नवी घे." नवऱ्याचं हे उत्तर मिक्सरपासून मोबाइलपर्यंत सगळ्याला लागू असतं. पण हल्लीच्या बऱ्याच लेडीज सायकलींच्या फ्रेमना माझी चाकं चालत नाहीत. दुकानदार सगळ्यांनाच "सव्वीस" म्हणतो. माझ्या टायरवर 37-590 लिहिलंय आणि जाड टायरच्या सव्वीसवर शेवटचा आकडा 559 असतो. हा आकडा म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. फरक एकतीस मिलिमीटरचा. ब्रेकची रबरं रिमला लागायच्या ऐवजी हवेत चावणार किंवा टायर खाणार. नववीच्या मुलांना मी वर्तुळ शिकवताना हेच उदाहरण देते. त्यांना ते अजिबात आवडत नाही.

स्टाफरूममध्ये दोन महिने रडगाणं गायल्यावर एका सहकारी बाईंनी परदेशीपुऱ्यातल्या ओळखीच्या काकांचा नंबर दिला. मिलमधून निवृत्त झालेले. खरं तर निवृत्त नाहीच, मिलच त्यांच्याआधी निवृत्त झाली. फोनवर काका म्हणाले, "फ्रेम आहे, चिमटा आहे. बाकीचं पोरांनी खाल्लं. पाचशे द्या." चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी फाटा.

आम्ही राजेंद्रनगरात, म्हणजे इंदूरच्या नैर्ऋत्य टोकाला. परदेशीपुरा ईशान्येला. मधे अकरा-बारा किलोमीटर आणि सगळं शहर. लोडिंग रिक्षावाल्याला विचारलं, तर जाऊन-येऊन पाचशे. पाचशेची फ्रेम पाचशे देऊन आणायची, हे गणिताच्या बाईला शोभत नाही. भाच्याची गिअरची सायकल आमच्याकडे पडून असते. ठरलं. फ्रेम सायकलवरूनच आणायची. त्या सायकलला कॅरिअर नाही, म्हणजे पाठीवर.

संध्याकाळी तयारी. जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापल्या. बांधायला याच्याइतकं गुणी दुसरं काही नाही, दोरी घसरते आणि रबर धरून ठेवतं. चिंध्या, पाना, मोजपट्टी, आणि माझ्या मोडक्या फ्रेममधून काढलेली उजवी वाटी, नमुन्यासाठी. एक्सल ज्या दोन वाट्यांत फिरतो त्यांचे आटे सगळ्या सायकलींना सारखे नसतात, कुठे इंचाला चोवीस, कुठे सव्वीस. आटे मोजायचं हत्यार माझ्याकडे नाही. माझी वाटी तिथे हातानं तीन फेरे गेली, की जमलं.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "जातेच आहेस तर मारोठिया बाजारातून वाणाच्या चाळण्या आण. तीस. स्टीलच्या. हलक्या नकोत."

सोमवारी संक्रांत आणि आमच्याकडे हळदीकुंकू. नाही म्हणायची सोय नव्हती.

शनिवार, 13 जानेवारी

साडेनवाला निघाले. गळ्याला दुहेरी मफलर. थंडी होतीच, पण मफलर थंडीसाठी नव्हता. संक्रांतीच्या आठवड्यात दुचाकीवरून बाहेर पडणाऱ्यानं गळा उघडा ठेवू नये. नायलॉनचा मांजा बंद आहे असं दर वर्षी जाहीर होतं आणि दर वर्षी तो झाडांवर लटकताना दिसतो.

रेती मंडी, चोइथराम चौराहा, मग माणिकबागेचा पूल. या पुलाच्या चढावर माझ्या बिनगिअरच्या सायकलवर मी रोज उतरते. आज गिअर टाकून बसल्या बसल्या चढले आणि भाच्याबद्दल प्रथमच आदर वाटला.

माणिकबाग पॅलेस या रस्त्यानं जाणाऱ्यांना माहीत असतो तो सरकारी कर खात्याचं ऑफिस म्हणून. 1930च्या सुमारास यशवंतराव होळकर दुसरे यांनी एकार्ट मुथेसियस नावाच्या तरुण जर्मन वास्तुकाराकडून तो बांधून घेतला, आणि आत त्या काळी युरोपातही नवलाचं असलेलं फर्निचर आणलं. त्यात पोलादी नळ्यांच्या बैठकी होत्या. नळीच्या खुर्चीची कुळकथा सायकलपाशीच जाते. 1925च्या सुमारास मार्सेल ब्रॉयर नवी नवी सायकल चालवायला लागला, तिच्या वाकवलेल्या हँडलकडे बघून त्याला वाटलं की अशा नळीची खुर्ची का करू नये, आणि केली. माणिकबागेतलं ते सामान 1980 साली माँटे कार्लोत लिलावात गेलं. राजाच्या नळ्या परदेशी गेल्या आणि मी माझ्या नळ्या आणायला परदेशीपुऱ्याला चालले होते. हा विनोद मी घरी आल्यावर तीन जणांना सांगितला. कोणी हसलं नाही.

हरसिद्धीवरून राजवाड्याला. चौकाचौकात 22 तारखेच्या अयोध्येतल्या राममंदिर सोहळ्यासाठी झेंडे विकायला आलेले, त्यांच्या शेजारी पतंग, त्यांच्या शेजारी तिळाच्या गजकची पाकिटं. एका कोपऱ्यावर पोहे घेतले. इंदूरचे पोहे वाफेवर धरलेले असतात, वर शेव, कांदा, जिरावन नावाचा मसाला, आणि बाजूला जिलबी. माझ्या पुण्याच्या नणंदेला हे पोहे गोड लागतात. तिला मी जिरावन दुप्पट घालून देते, मग बोलत नाही.

मारोठिया बाजारात सायकल हातात धरून चालावं लागतं. चाळण्या तीस, प्रत्येकी बावीस रुपये, घासाघीस करून एकवीस. दुकानदारानं एकात एक घालून सुतळीनं बांधल्या, तो एक चकचकीत लांबट डमरू तयार झाला. सॅकमध्ये अर्धा मावला, अर्धा बाहेर. पुढे सायकलच्या सुट्या सामानाच्या एका अरुंद दुकानात पायडलचे दांडे एक्सलला पक्के धरणाऱ्या दोन कॉटर पिना आणि बेअरिंगचे पाव इंची बावीस छर्रे घेतले, एका वाटीत अकरा या हिशेबानं. दुकानदारानं छर्रे मोजले नाहीत, तराजूत टाकले, आणि घरी मोजले तर बरोबर बावीस निघाले. याला अनुभव म्हणतात.

मग स्टेशनच्या बाजूनं, राजकुमार मिलच्या पुलावरून पलीकडे. पूल उतरला की शहराचा चेहरा बदलतो. इकडे एके काळी मिलच मिल: मालवा, हुकुमचंद, राजकुमार, स्वदेशी, कल्याणमल. खानदेशातून, उत्तरेतून माणसं आली ती या भोंग्यांच्या मागे. आत्याची क्लर्क कॉलनी इथेच, म्हणून लहानपणापासून हा भाग माझा. गल्ल्या तशाच अरुंद आहेत, घरं मात्र उभी वाढलीत.

काकांचं घर दोन खोल्यांचं, वर मुलानं चढवलेला मजला. दारात फ्रेम उभी करून ठेवली होती, धुऊन. ही मला पहिली खूण पटली. विकणारा माणूस फ्रेम धूळभरली दाखवतो, तेव्हा धुळीखाली काहीतरी असतं.

ही बीएसए. नाव बर्मिंगहॅमच्या बंदुकांच्या कारखान्याचं, बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, पण फ्रेम मद्रासजवळच्या अंबत्तूरची. रंग एके काळी मरून असावा. लगच्या कडा अजून धारदार. समोरच्या दोन तिरप्या नळ्या समांतर, लेडीज फ्रेमची असते तशी घडण. काकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्वतः पायरीवर बसले.

"आमच्या घरातल्यांची," ते म्हणाले. म्हणजे बायकोची. "92 साली घेतली."

हुकुमचंद मिल बंद झाली 12 डिसेंबर 1991ला. काका साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते. घरात तीन मुलं. काकू साड्यांना फॉल लावायच्या, ते आधी गल्लीपुरतं होतं. मिल बंद झाल्यावर त्यांनी शीतलामाता बाजारातल्या दुकानांचं काम धरलं. रोज सकाळी गठ्ठा आणायचा, दुसऱ्या दिवशी पोचवायचा. टेंपोचं भाडं परवडेना, म्हणून सायकल. चौतिसाव्या वर्षी शिकल्या, मिलच्याच मैदानात, काका मागे सीट धरून. "मी घरी बसलेलो आणि ती सायकलवर," काका म्हणाले. "लोक हसत. हसू दे. तिनं अकरा साल चालवली."

मी मिलच्या पैशांचं विचारलं. 25 डिसेंबरला, म्हणजे तीनच आठवड्यांपूर्वी, कामगारांच्या थकबाकीचे 224 कोटी दिल्याचा मोठा कार्यक्रम झाला होता. टीव्हीवर पंतप्रधान होते. बत्तीस वर्षांनी. काकांनी हात हलवला. "फारम भरलंय. खात्यात येईल तेव्हा बघू. आमच्या लायनीतले निम्मे तर फारम भरायला उरलेच नाहीत." एवढं बोलून ते फ्रेमकडे वळले. "चिमटा धरून सहाशे होतील."

फोनवर पाचशे चिमट्यासकटच ठरले होते. मी म्हटलं, आधी तपासते.

फ्रेम तपासायची एक जुनी रीत आहे, तिला फक्त दोरा लागतो. गल्लीतल्या पोरांकडून वावभर सद्दी, म्हणजे पतंगाचा साधा दोरा, मागून घेतली. मागच्या चाकाचा एक्सल जिथे बसतो त्या एका खाचेला दोरा बांधायचा, पुढे नेऊन हँडलच्या नळीला वळसा घालायचा आणि परत आणून दुसऱ्या खाचेला ताणून बांधायचा. मग सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांचं अंतर मोजायचं. सारखं आलं तर फ्रेम सरळ. डावीकडे 32 मिलिमीटर, उजवीकडे 33. म्हणजे फरक एका मिलिमीटरचा. अकरा वर्षं कापडाचे गठ्ठे वाहिलेल्या बाईच्या सायकलला इतकं चालतं. पतंगवाली पोरं डोकं घालून बघत होती. एकानं विचारलं, "आंटी, इससे क्या उड़ाओगे?"

मग डोळ्यांनी. हँडलच्या नळीखाली रंगाला सुरकुती आहे का, कारण समोरून आपटलेली फ्रेम तिथे दुमडते. सांध्यांना चीर आहे का. सीटच्या नळीच्या फटीशी गंज किती खोल आहे. सगळं ठीक होतं, दोन गोष्टी सोडून. सीटचा दांडा आतच जाम बसलेला. आणि उजवी वाटी निघत नव्हती.

"दोन दिवस लागलोय," काकांचा नातू म्हणाला. अंगानं दणकट, हातात हातभर लांबीचा पाना. मी म्हटलं, दाखव कसा फिरवतोस. त्यानं पूर्ण जोर लावून पाना डावीकडे ओढला.

दोन दिवस तो पोरगा ती वाटी आवळत होता. चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते. यामागे गंमत आहे. पायडल पुढे मारताना एक्सल उजवीकडून बघितला तर घड्याळाच्या दिशेनं फिरतो. मधले छर्रे स्वतःभोवती उलटे गरगरतात आणि वाटीला उलट्या दिशेला रेटत राहतात. साध्या आट्यांची वाटी असती तर हळूहळू सैल होत गेली असती. म्हणून आटेच उलटे पाडलेत, छर्रे जितके रेटतील तितकी ती घट्ट.

आता मात्र ती फारच घट्ट होती. गल्लीच्या तोंडाशी एक लेथवाला, त्याच्याकडे व्हाइस. वाटीच्या चपट्या कडा व्हाइसमध्ये आवळल्या आणि आख्खी फ्रेमच ट्रकच्या स्टिअरिंगसारखी फिरवली. नातू एका बाजूला, मी एका बाजूला. पहिल्या झटक्याला काही नाही. दुसऱ्याला असा आवाज झाला की मला वाटलं, गेली. तिसऱ्याला वाटी सुटली. आतलं ग्रीस काळं, मेणासारखं झालेलं, पण आटे चकाकत होते. माझी वाटी काढून लावली. एक फेरा. दोन. तीन.

लेथवाला म्हणाला, "भिया, मैडम को तो सब पता है." मी त्या क्षणी जगातली सगळ्यात सुखी गणित शिक्षिका होते.

सीटच्या दांड्यानं दाद दिली नाही. पोलादात पोलाद, वीस वर्षांचा गंज. लेथवाल्यानं फ्रेम उलटी टांगली, खालून रॉकेल सोडलं आणि म्हणाला, रातभर राहू द्या. मोबाइल काढून घरी कळवलं. सासूबाईंनी फक्त चाळण्यांचं विचारलं.

आत्याकडे मुक्काम. तिनं गराडू तळले, वर लिंबू आणि मसाला. हे कंद इंदुरात थंडीतच मिळतात आणि आत्याकडे कुणी राहायला आलं तरच होतात.

रविवार, 14 जानेवारी

सकाळी नऊला लेथवाल्याकडे. सीटच्या दांड्याला पाइपपाना लावला, दोन हातोडे, आणि तो फिरला. फिरत फिरत, कण्हत कण्हत वर आला. आतून तांबडी चिखलासारखी धार. लेथवाल्यानं व्हाइसचे, रॉकेलचे आणि शहाणपणाचे मिळून ऐंशी घेतले.

काकांशी साडेपाचशेवर तुटलं. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या. मग आत जाऊन काकूंच्या सायकलची घंटी आणली. मला वाटलं, देणार. ते म्हणाले, "ही मी ठेवतो. पोरगी तिकडे देवघरात वाजवते." आणि चेनकव्हर वीस रुपयांत देऊ केलं. चेपलेलं होतं, नको म्हटलं.

भोगीचा दिवस. आत्या म्हणाली, जेवल्याशिवाय सोडणार नाही. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, आणि वांगी, हरभरे, गाजर, बोरं घातलेली भोगीची भाजी. एवढं जेवून बाराच्या उन्हात पाठीवर लोखंड बांधायला उभी राहिले. आत्याच्या वजनकाट्यावर आधी मी एकटी चढले, मग फ्रेम घेऊन. फरक साडेपाच किलो. चाळण्या वेगळ्या.

बांधायला अर्धा तास गेला. चिमटा फिरवून तिरप्या नळ्यांना आवळला. नळ्यांवर चिंध्या. मग फ्रेम उलटी, मागच्या चाकाच्या खाचांची दोन टोकं वर, हँडलची नळी खाली डाव्या कमरेशी, अशी सॅकवर ठेवून ट्यूबच्या पट्ट्या खांद्यावरून छातीवर फुली. चाळण्यांचा डमरू सॅकमध्ये मधोमध, पाठीला टोचणार नाही असा. आत्याचे यजमान लांबून बघत होते. म्हणाले, "मागून तुला शिंगं आलीत." आत्या म्हणाली, "शिंगं नाहीत हो. नवरीबरोबर पाठवतात तशी पाठराखीण दिलीय मी."

परतीला बाजारातून जायचं नव्हतं. पाटनीपुऱ्यावरून एलआयजी चौराहा, आणि तिथून एबी रोड सरळ खाली. लांब पडतं, पण रुंद. पहिल्याच वळणावर दोन गोष्टी कळल्या. एक, उजव्या खांद्यावरून मागे बघता येत नाही, तिथे फ्रेम असते. दोन, मी झुकले की माझ्यामागून क्षणभरानं फ्रेम झुकते, आणि मी सरळ झाले की तिला अजून झुकायचं असतं. दहा मिनिटांत सवय झाली, म्हणजे वळणाच्या आधीच थांबायची सवय झाली.

एबी रोडवर तेव्हा मधोमध बसची वेगळी लेन होती, कठडे लावून. दोन्ही कडांना सायकलींसाठी म्हणून जी जागा, तिच्यावर गाड्या उभ्या, चाट उभी, एके ठिकाणी सोफासेट विकायला मांडलेला. त्यामुळे सायकलवाला गाड्या आणि मोटारी यांच्या मधल्या दोन फुटांत. पलासियाच्या सिग्नलला शेजारच्या ई-रिक्षातून एका बाईंनी विचारलं, "टूट गई क्या?" मी म्हटलं, नाही, ही नवीन. त्यांनी फ्रेमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चलो भैया."

गीताभवनला एका ट्रॅफिक पोलिसानं हात दाखवला. वाटलं, आता दंड. त्यानं फ्रेमभोवती एक फेरी मारली, "बीएसए?" म्हणाला, आणि सांगायला लागला की त्याच्या वडिलांची अशीच, पण जेंट्स, दांडीवाली, आणि दांडीवर बसून तो शाळेत जायचा. सिग्नल दोनदा सुटला. मागचे हॉर्न त्याला ऐकू येत नसावेत. मग भानावर येऊन त्यानं मलाच झापलं, "चलो मैडम, रास्ता मत रोको."

नवलखा सोडल्यावर ते झालं. रस्त्याच्या पलीकडे गच्चीवर "काटा है!" असा ओरडा, आणि मला डोक्याच्या वर, मागे, एक झटका बसला. कुणी फ्रेम धरून ओढावी तसा. सायकल डावीकडे गेली, मी ब्रेक मारला, पाय टेकले. वर बघते तर फ्रेमच्या दोन शिंगांमध्ये अडकलेला हिरवट चमकता दोरा, दोन्ही बाजूंना ताणलेला, आणि एक टोक अजून सळसळत ओढलं जातंय. चिंधीवर त्यानं सुरीसारखा काप पाडला होता, खालच्या रंगापर्यंत. दोरा कुठल्या उंचीनं आला, माझ्या गळ्याच्या की डोक्याच्या वरून, ते मला सांगता येणार नाही. मी मफलर चाचपला. मग रस्त्याच्या कडेला सायकल लावून पाच मिनिटं नुसती उभी राहिले. एक उसाच्या रसवाला आला, त्यानं कात्रीनं दोरा तोडला, गोळा करून डब्यात टाकला. रसाचे पैसे घेतले, कात्रीचे नाही.

भंवरकुव्यावर पुलाचं काम, पत्रे लावलेले, धूळ. तिथे सरळ उतरून चालले. राजीव गांधी चौराह्यापासून पुढे खांदे भरून आले होते, पट्ट्या मांसात रुतलेल्या. चोइथराम मंडीपाशी, जिथे नोव्हेंबरात तो आवाज सुरू झाला होता, बरोबर तिथेच चाळण्यांची सुतळी सुटली. तीस चाळण्या सॅकमध्ये मोकळ्या झाल्या. शेवटचे दोन किलोमीटर मी भजनी मंडळासारखी वाजत आले. फाटकात सासूबाई उभ्या. त्यांनी एक चाळणी काढून उजेडात धरली.

"हलक्या आहेत," म्हणाल्या.

सोमवार, 15 जानेवारी

रजा टाकली होती, हळदीकुंकवासाठी. म्हणजे कारण तेच दिलं होतं.

सकाळी सातला अंगणात वर्तमानपत्र पसरलं. रॉकेलनं आटे धुतले, पिवळं ग्रीस भरलं, ग्रीसमध्ये अकरा-अकरा छर्रे चिकटवले. उजवी वाटी उलट्या दिशेनं आवळताना हात आपोआप चुकीकडे जातो, चार वेळा सांगावं लागतं. चिमटा, हँडल, चाकं. मागची फट पट्टीनं 11 सेंटीमीटर भरली, चाक सहज बसलं. ब्रेक रिमवर बरोबर लागले. 590चे 590.

अडलं ते सीटशी. माझा दांडा या नळीत ढिला. फरक अगदी थोडा, पण बसलं की सीट खाली सरकायची. भाच्यानं कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन आणला. कात्रीनं पट्टी कापली, दांड्याभोवती एक वेढा, वरून बोल्ट. बसला. फटीतून लाल अक्षरांची कड दिसते, ती मी मुद्दाम ठेवली आहे.

अकरापर्यंत कॉटर पिना राहिल्या होत्या. पिन बसवायची म्हणजे क्रँकला, म्हणजे पायडलच्या दांड्याला, खालून लाकडाचा टेकू द्यायचा, मग पिनेवर ठोकायचं, नाहीतर सगळे घाव छर्र्यांवर बसतात आणि वाटीला खड्डे पडतात. टेकू सापडेना. पोळपाट घेतला. सासूबाई नेमक्या तेव्हाच बाहेर आल्या. याविषयी अधिक लिहीत नाही.

दुपारी चारपासून बायका. काळ्या साड्या, तिळगूळ, हळदीकुंकू, आणि दारातच उभी मरून सायकल. वाणाच्या चाळणीपेक्षा तिच्याकडेच जास्त लक्ष. एका आजींनी सीटवर हात ठेवला आणि म्हणाल्या, आमच्या रामबागेतल्या वाड्यात बायकांनी सायकलला हात लावला तर सासरे ओरडायचे. मग इकडे तिकडे बघून त्यांनी साडी सावरली, पायडलवर एक पाय ठेवून बघितला आणि काढून घेतला.

सगळ्या गेल्यावर, सातच्या सुमारास, कॉलनीत तीन चकरा मारल्या. फ्रेम जुन्या फ्रेमपेक्षा बोटभर लांब आहे, हात थोडे पुढे जातात. खड्ड्यात मात्र गाडी अंगावर येत नाही, मऊ झेलते. तिसऱ्या चकरेला डाव्या पायाखाली टक्, टक् सुरू झालं, दर फेऱ्याला एकदा. नवीन कॉटर असा पहिल्या काही किलोमीटरांत बसतो आणि सैल होतो, पुन्हा ठोकावा लागतो. उद्या शाळेतून येताना ठोकून घेणार आहे. पोळपाट कपाटात कुलूपबंद आहे.